विश्लेषण : ‘४२’ देणाऱ्या रेडिओ मालिकेचे दुसरे पर्व का फसले? आणि २४ वर्षांनी त्याला ‘भास’ का ठरवावे लागले?

मशीन लर्निंग शिकवणारा कुठलाही प्राथमिक कोड उघडा, ‘रँडम स्टेट’समोर ४२ हा आकडा हमखास दिसेल. इंजिनीअरिंगच्या सबमिशनमध्ये तो वर्षानुवर्षे कॉपी-पेस्ट होत आला आहे. ४२च का, असे विचारले तर एखादा सीनियर सांगतो, ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ वाच. पण ही गोष्ट आधी वाचण्यासाठी लिहिलीच गेली नव्हती. ती ऐकण्यासाठी होती. डग्लस ॲडम्स यांची ही विज्ञान-विनोदी मालिका ‘बीबीसी रेडिओ ४’वर ८ मार्च १९७८ रोजी सुरू झाली आणि तीन आठवड्यांनी, चौथ्या भागात, ‘जीवन, विश्व आणि बाकी सगळे’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून ४२ हा आकडा पहिल्यांदा हवेत उच्चारला गेला. पुस्तक, टीव्ही, चित्रपट हे सगळे नंतरचे.

पहिले पर्व गाजले. जानेवारी १९८०मध्ये दुसरे पर्व आले आणि त्यातून बरेच श्रोते खट्टू होऊन बाहेर पडले. इतके की, २००४मध्ये याच बीबीसीवर तिसरे पर्व करताना दुसऱ्या पर्वातील घटना म्हणजे एका पात्राला झालेला भास होता, असे ठरवून कथा पुढे न्यावी लागली. एका उत्तम मालिकेचा पुढचा भाग नेमका कुठे घसरला?

मुळात ही मालिका होती काय?

आकाशवाणीवरची नभोनाट्ये आणि श्रुतिका आपल्याकडच्या मागच्या पिढीला परिचयाच्या आहेत. ‘पुन्हा प्रपंच’ लागले की घरात शांतता पसरायची, असे सांगणारे लोक अजून भेटतात. ब्रिटनमध्येही रेडिओवरच्या विनोदी मालिकांची मोठी परंपरा होती. मात्र त्या बहुतेक प्रेक्षकांसमोर, हशा-टाळ्यांसह ध्वनिमुद्रित होत. ॲडम्स यांना तसे नको होते. रॉक अल्बममध्ये जसा आवाजाच्या थरांवर थर चढवलेला असतो, तशी ऐकताना वाटणारी मालिका त्यांना हवी होती. त्यामुळे समोर प्रेक्षक नाहीत, हशा नाही, ध्वनी स्टिरिओमध्ये आणि ध्वनिपरिणामांसाठी बीबीसीचा प्रसिद्ध ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ हा विभाग, असा थाट ठरला. शीर्षक संगीतही नवे न करता ‘ईगल्स’ या अमेरिकी बँडच्या १९७५च्या अल्बममधील बँजोची धून घेतली गेली.

कथा अशी : हायपरस्पेसचा बायपास बांधायचा म्हणून परग्रहावरील नोकरशहा पृथ्वी पाडून टाकतात. आर्थर डेंट नावाचा साधा इंग्रज माणूस ड्रेसिंग गाऊनमध्येच त्यातून वाचतो, कारण त्याचा मित्र फोर्ड प्रिफेक्ट हा परग्रहवासी निघतो. पुढे त्यांना भेटतात आकाशगंगेचा दोन डोक्यांचा माजी अध्यक्ष झेफॉड बीबलब्रॉक्स, पृथ्वीवरून आलेली ट्रिलियन आणि कायम उदास असणारा यंत्रमानव मार्विन. मधूनमधून ‘गाइड’ हे प्रवासमार्गदर्शक पुस्तक स्वतःच बोलते. पीटर जोन्स यांचा त्यासाठीचा आवाज म्हणजे घरातले एखादे वयस्कर काका वर्तमानपत्रातली विचित्र बातमी शांतपणे वाचून दाखवत आहेत, असा. रेडिओवर दोन डोकी दाखवायची गरज नसते. ती आहेत एवढे म्हटले की पुरते. हाच माध्यमाचा फायदा ॲडम्स यांनी पुरेपूर उचलला.

बुधवारी रात्री साडेदहाची वेळ म्हणजे फार कुणी ऐकेल अशी अपेक्षा नसलेलीच वेळ. तरीही मालिका तोंडोतोंडी पसरली. १९७९मध्ये विज्ञानकथांसाठीच्या ‘ह्युगो’ पुरस्काराच्या नाट्य विभागात तिला नामांकन मिळाले. तिथे ती हरली ती थेट ‘सुपरमॅन’ या चित्रपटाकडून! रेडिओवरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सहा भागांसाठी ही हारसुद्धा मिरवण्यासारखी होती.

दुसऱ्या पर्वाची तयारी कशी झाली?

इथेच सगळा घोळ आहे.

मालिकेचे पहिले पर्व म्हणजे भाग १ ते ६. त्यातही शेवटच्या दोन भागांपर्यंत येताना ॲडम्स यांची दमछाक झाली होती. ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेसाठी लिहिण्याचे काम हातात आले होते, म्हणून मित्र जॉन लॉइड यांना मदतीला बोलावून ते भाग पूर्ण केले गेले. २४ डिसेंबर १९७८ रोजी सातवा, नाताळ विशेष म्हणून आलेला भाग प्रसारित झाला. त्यानंतरच्या वर्षभरात या एका माणसापुढे काय काय होते ते पाहा : ‘डॉक्टर हू’च्या संहिता संपादकाची पूर्णवेळ नोकरी, ‘हिचहायकर्स’ची पहिली कादंबरी, मालिकेची एलपी रेकॉर्ड, रंगमंचावरचा प्रयोग आणि टीव्ही रूपांतराच्या हालचाली. कादंबरीला इतका उशीर झाला की, ‘जे पान लिहितो आहेस ते संपव, आम्ही माणूस पाठवतो’ असे प्रकाशकांनी कळवले, हा किस्सा नेहमी सांगितला जातो. पहिले पुस्तक एकदम तुटल्यासारखे का संपते, याचे उत्तर त्यात आहे. ते ऑक्टोबर १९७९मध्ये आले आणि खपाच्या यादीत थेट वर गेले.

म्हणजे नेमके ज्या वेळी लेखकाकडे सर्वात कमी वेळ होता, त्याच वेळी त्याच्या मालिकेची किंमत सर्वात जास्त झाली होती. बीबीसीच्या ‘रेडिओ टाइम्स’ या कार्यक्रम-साप्ताहिकाचे मुखपृष्ठ मालिकेला मिळणार असे ठरले. टीव्हीच्या जमान्यात रेडिओ मालिकेला हा मान दुर्मीळ होता. त्यासाठी दुसऱ्या पर्वाचे पाचही भाग एकाच आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार सलग रात्री प्रसारित करायचे निश्चित झाले : २१ ते २५ जानेवारी १९८०. तारीख पक्की, मुखपृष्ठ पक्के. पक्की नव्हती ती फक्त संहिता.

एका आठवड्यात पाच भाग, म्हणजे काय?

ज्यांनी प्रोजेक्टची डेडलाइन पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. अशा श्राव्य नाटकाचे काम साखळीने चालते. आधी संहिता, मग कलाकारांचे ध्वनिमुद्रण, मग ध्वनिपरिणाम आणि संगीत, मग या सगळ्याचे मिश्रण आणि शेवटी प्रसारण. आज हे लॅपटॉपवर होते, एखादा आवाज नको असेल तर ‘अनडू’ दाबता येते. तेव्हा सगळे टेपवर होते. टेपवर मोजकेच ट्रॅक. नवा थर चढवायचा तर आधीचे थर एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे. सतत चालणारा आवाज हवा असेल, म्हणजे यानाची घरघर किंवा वादळ, तर टेपचा तुकडा कापून, त्याची टोके जोडून तो वेढा यंत्रावर फिरत ठेवायचा. चूक झाली की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. संवादांचे ध्वनिमुद्रणही सरळ नव्हते. ज्या पात्राचा आवाज नंतर बदलायचा, तो इतरांच्या माइकमध्ये मिसळून चालत नसे. मार्विन झालेले स्टीफन मूर यांना त्यापायी अक्षरशः कपाटात उभे राहून संवाद म्हणावे लागत.

पहिले पर्व आठवड्याला एक या गतीने गेले. म्हणजे एक भाग लांबला तरी पुढच्या बुधवारपर्यंत सावरायला सात दिवस होते. अभियांत्रिकीच्या भाषेत याला ‘बफर’ म्हणतात. पाच रात्रींच्या वेळापत्रकाने तो सातवरून एकावर आणला. दिग्दर्शन-निर्मिती पुन्हा जेफ्री पर्किन्स यांच्याकडे होती. रेडिओफोनिक वर्कशॉपचे पॅडी किंग्जलँड संगीत आणि ध्वनी सांभाळत होते. माणसे कसलेली होती. पण शेवटच्या भागांची पाने ध्वनिमुद्रण चालू असतानाही लिहिली जात होती आणि बाराव्या, म्हणजे अखेरच्या भागाचे मिश्रण प्रसारणाच्या जेमतेम काही मिनिटे आधी संपले. पर्किन्स यांनी पुढे १९८५मध्ये संहितांचे पुस्तक संपादित केले, त्यातील टिपांत या धावपळीचा हिशेब येतो. तो वाचताना हसू येते. पण ते नंतर वाचणाऱ्याला. स्टुडिओत त्या रात्री कुणी हसत असेल असे वाटत नाही.

श्रोत्याला काय खटकते?

धावपळ पडद्यामागची झाली. ती कानाला जाणवते का? जाणवते.

पहिल्या पर्वाचा आधार होता आर्थर. त्याचे घर आणि पाठोपाठ त्याचा ग्रहच पाडला गेलेला. चहाचा कप मिळावा एवढीच त्याची इच्छा. विश्व कितीही विक्षिप्त असो, श्रोता त्याचा हात धरून चालतो. दुसऱ्या पर्वात सूत्र झेफॉडकडे जाते. विश्व खरोखर कोण चालवते, याचा शोध घ्यायला तो निघतो, पण हा शोध का घ्यायचा हे त्याने स्वतःच्याच मेंदूतून पुसून टाकलेले आहे. कल्पना झकास आहे. अडचण अशी की, नायकाला आपण काय शोधतो हे ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्याला लवकरच संशय येतो की लेखकालाही ते अजून ठरवायचे आहे. आर्थर आणि फोर्ड पहिल्या पर्वाच्या शेवटी आदिम पृथ्वीवर अडकलेले असतात. जीवाश्म झालेल्या टॉवेलच्या योगायोगाने त्यांची सुटका होते. हा विनोद म्हणून छान, पण पहिल्या पर्वाचा तो उदास, सुंदर शेवट एका टॉवेलने पुसला जातो.

त्याहून खटकते ती ट्रिलियन. मुख्य पात्रांतली ती एकमेव स्त्री. पहिल्या पर्वानंतर ती गायब आहे. का, तर तिचे आकाशगंगेतील रोटरी क्लबच्या कुणा शाखाध्यक्षाशी जबरदस्तीने लग्न लावले गेले, अशी एका वाक्यात वासलात. सुझन शेरिडन यांचा आवाज या पर्वात नाही. पात्र वगळावे लागते हे समजू शकते, पण ज्या मालिकेने ग्रह पाडण्याच्या नोटिशीवरही मिनिटे खर्च केली, तिने ट्रिलियनला एक वाक्य द्यावे, हे आज ऐकताना फारच कंजूष वाटते.

आणि मग येतो ब्राँटिटॉल हा ग्रह. तिथे आर्थरचा प्रचंड पुतळा, त्यातला कशाच्याही आधाराशिवाय हवेत राहणारा चहाचा कप, पुतळ्याच्या कानात राहणारे पक्षी झालेले लोक, बुटांच्या कंपनीचे सैनिक, लिंटिला नावाच्या तरुणीच्या असंख्य प्रतिकृती. एकेक ओळीत सांगितले तर सगळे भन्नाट वाटते. प्रत्यक्षात पात्रे धावतात, ओरडतात, स्फोट होतात आणि कोण कुठे आहे हे समजेनासे होते. चित्रपटात पाठलाग डोळ्यांना दिसतो. कानाला मात्र एका वेळी एकच गोष्ट नीट सांगता येते. पहिल्या पर्वात ध्वनी कथेला जागा करून देत असे, इथे तो कथेतल्या फटी बुजवायला धावतो.

मग सगळेच वाईट होते का?

नाही, आणि म्हणूनच या पर्वाची हळहळ जास्त वाटते. संपूर्ण मालिकेतल्या सर्वोत्तम जागांपैकी काही याच पर्वात आहेत.

आठव्या भागातील ‘टोटल पर्स्पेक्टिव्ह व्होर्टेक्स’ हे यंत्र घ्या. त्यात माणसाला उभे केले की अफाट विश्व आणि त्यात त्याचा स्वतःचा नगण्य ठिपका एकाच क्षणी दिसतो आणि त्या धक्क्याने तो संपतो. संशोधकाने हे यंत्र बनवले ते बायकोला चिडवण्यासाठी, कारण ती म्हणायची, जरा तारतम्य बाळग! झेफॉड मात्र त्यातून हसत बाहेर येतो, त्याच्या मते विश्वात सर्वात महत्त्वाचा तोच आहे हे यंत्रानेच सांगितले. मागाहून कळते की, तो ज्या विश्वात उभा होता ते खास त्याच्यासाठीच बनवलेले कृत्रिम विश्व होते. प्रत्येकाला त्याच्या आवडीचेच दाखवणाऱ्या मोबाइल फीडच्या काळात ही कल्पना १९८०ची आहे यावर विश्वास बसत नाही.

‘शू इव्हेंट होरायझन’चा अर्थशास्त्रीय सिद्धांत याच ब्राँटिटॉलवर ऐकायला मिळतो. समाज निराश झाला की माणसे खाली मान घालून चालतात, बूट दिसतात, नवे घेतात. बुटांची दुकाने वाढतात, ती चालावीत म्हणून बूट लवकर फाटतील असे बनतात, आणखी दुकाने उघडतात. एक दिवस असा येतो की बाजारात बुटांच्या दुकानाशिवाय दुसरे दुकान उघडणे परवडतच नाही. मग अर्थव्यवस्था कोसळते. आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेत मोबाइल कव्हरची दुकाने मोजत चालताना हा सिद्धांत आठवतो.

आणि शेवटच्या भागातला तो झोपडीतला म्हातारा. विश्व चालवणारा माणूस एका निर्जन ग्रहावर पावसात राहतो, त्याच्याजवळ एक मांजर आहे, बाहेर जग आहे की नाही याचीही त्याला खात्री नाही. लोक येऊन प्रश्न विचारतात, तो सुचेल ते उत्तर देतो, त्यावर कोट्यवधींचे भवितव्य ठरते. त्याचा आवाजही स्टीफन मूर यांचाच, म्हणजे मार्विनचाच. ना पाठलाग, ना स्फोट. फक्त दोन-तीन माणसे, पावसाचा आवाज आणि संवाद. घाईत लिहिलेल्या पर्वाचा सर्वात शांत प्रसंग त्याच्या अगदी शेवटी येतो. इथेच आर्थरला कळते की पृथ्वी पाडण्याच्या आदेशावर झेफॉडचीच सही होती. संतापलेला आर्थर यान घेऊन निघून जातो, बाकीचे मागे राहतात आणि पर्व संपते.

पुढे २४ वर्षे रेडिओवर काहीच नाही.

लेखकानेच बदलले, मग रेडिओनेही

ॲडम्स यांना स्वतःला या पर्वाबद्दल काय वाटत होते, याचा उत्तम पुरावा त्यांचे दुसरे पुस्तक आहे. त्याच वर्षी, १९८०मध्ये आलेल्या ‘द रेस्टॉरंट ॲट द एंड ऑफ द युनिव्हर्स’ या कादंबरीत त्यांनी रेडिओचाच माल घेतला, पण क्रम पार बदलला. व्होर्टेक्स ठेवले, झोपडीतला म्हातारा ठेवला, बुटांचा सिद्धांत थोडक्यात आटोपला. पुतळा, कप आणि लिंटिलाच्या प्रतिकृती मात्र गेल्या. ट्रिलियन परत आली. आदिम पृथ्वीचा तो उदास शेवटही पुन्हा शेवटाला गेला. ज्याला वेळ मिळाला असता तर रेडिओवर काय झाले असते, ते बहुधा असेच दिसले असते.

यातून एक तांत्रिक पेच उभा राहिला. पुढची कादंबरी, ‘लाइफ, द युनिव्हर्स अँड एव्हरीथिंग’ (१९८२), सुरू होते ती आर्थर आदिम पृथ्वीवर अडकलेला असताना. रेडिओवरचा आर्थर तर यान घेऊन पळालेला. दोन्ही रूळ वेगळे झाले. १९९३च्या सुमारास ॲडम्स आणि निर्माते डर्क मॅग्ज यांच्यात तिसऱ्या पर्वाची बोलणी झाली, पण ते तडीस गेले नाही. ११ मे २००१ रोजी ॲडम्स यांचे वयाच्या ४९व्या वर्षी निधन झाले. अखेर सप्टेंबर २००४मध्ये मॅग्ज यांनी मूळ कलाकारांपैकी अनेकांना घेऊन तिसरे पर्व केले. सुझन शेरिडनही परतल्या. पीटर जोन्स तोवर हयात नव्हते, त्यामुळे ‘गाइड’चा आवाज विल्यम फ्रँकलिन यांनी दिला. ॲडम्स यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकवाचनातून त्यांचा स्वतःचा आवाज घेऊन एका पात्रासाठी वापरला गेला.

आणि रुळांचा पेच? झेफॉड आपले सगळे पराक्रम सांगतो आणि ते मानसिक झटक्यात झालेले भास होते, असे सांगून त्याची बोळवण केली जाते. एक संपूर्ण पर्व दोन मिनिटांत रद्द!

हा उपाय चतुर होता यात शंका नाही. पण तो पटतो असे म्हणवत नाही. जानेवारी १९८०च्या त्या पाच रात्री रेडिओशेजारी बसलेल्या श्रोत्याने जे ऐकले, ते फसलेले असेल, खोटे नव्हते. मॅग्ज यांनाही हे कुठेतरी जाणवले असावे. कारण २००५च्या अखेरच्या पर्वात त्यांनी समांतर विश्वांची कल्पना वापरून दुसऱ्या पर्वातील काही गोष्टींना पुन्हा दारातून आत घेतले. लिंटिला साकारणाऱ्या रूला लेन्स्का यांनाही नव्या ‘गाइड’च्या आवाजासाठी बोलावले. पुढे २०१८मध्ये, मालिकेच्या चाळिसाव्या वाढदिवशी, इऑन कोल्फर यांनी लिहिलेल्या सहाव्या कादंबरीवरून आणखी एक पर्व झाले. तो वेगळा विषय आहे.

ऐकायचे असेल तर कुठून?

मूळ मालिका ऑडिओबुकच्या स्वरूपात विकत मिळते. इंग्रजी उच्चार जुन्या ब्रिटिश वळणाचे आहेत, त्यामुळे पहिला भाग थोडा जड जाईल. हेडफोन लावा, लोकलच्या गर्दीत निम्मे आवाज हरवतात. पहिले सहा भाग क्रमाने ऐका. दुसऱ्या पर्वात सातवा आणि आठवा भाग सलग ऐका. नववा-दहावा रेंगाळले तर मन लावून ऐकण्याचा हट्ट धरू नका. अकराव्यात बुटांच्या सिद्धांताशी थांबा. बाराव्याचा उत्तरार्ध मात्र रात्री, दिवे बंद करून. पाऊस सुरू झाला की समजा, झोपडी आली.